भुतावर डोळा

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. त्यामुळे सारा वॉटर्स यांची ‘अफिनिटी’ ही कादंबरी मी वाचायला घेतली नाही, तपासायला घेतली. हातात पेन्सिल. लबाडी दिसली की समासात फुली.

कादंबरी १९९९ची, पण तिच्यातला काळ १८७४चा, व्हिक्टोरिया राणीच्या लंडनमधला. सेलिना डॉझ ही तरुणी मिलबँक तुरुंगात शिक्षा भोगतेय. तिचा धंदा मेलेल्यांशी बोलणं करून देण्याचा. तिला भेटायला येते मार्गारेट : खात्यापित्या घरातली, बिनलग्नाची, वडिलांच्या जाण्यानं खचलेली.

माझी तयारी दांडगी होती. १८४८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या फॉक्स बहिणींनी भुतांची टकटक ऐकवून लोकांना वेडं केलं. १८८८ साली त्यांतल्या मॅगीनं भर सभेत सांगून टाकलं, की आवाज आमच्या पायाच्या बोटांचा. आपल्याकडे आज्या बोटं मोडून दृष्ट काढतात, या बहिणींनी बोटं मोडून भुतं आणली! १८५३ साली मायकेल फॅरेडेनं ‘आपोआप’ फिरणाऱ्या टेबलांची झडती घेतली, तर ती भोवती बसलेली मंडळीच नकळत ढकलत होती. एवढं पाठ असलेल्या माणसाला सेलिना काय गुंडाळणार?

मग मार्गारेटच्या खोलीत कुणीही न आणलेली फुलं येऊ लागली. तिचं लॉकेट नाहीसं झालं. मी खिडकीवर संशय घेतला, धुराड्यावर घेतला, तुरुंगातल्या पहारेकरणींवर घेतला. समास फुल्यांनी भरला. पण तोवर त्या दोघींचा जीव एकमेकींत असा गुंतला होता, की पेन्सिल कधी गळून पडली कळलं नाही. रात्री दीड वाजता मी चक्क हात जोडले, “देवा, एवढं एक भूत खरं निघू दे.” न मानलेल्या देवाकडे न मानलेल्या भुतासाठी केलेला तो नवस. बुद्धिवादाच्या इतिहासात याची नोंद होऊ नये.

शेवट फोडणार नाही. एवढंच सांगतो, की वॉटर्सबाईंना आम्हा संशयी लोकांचा स्वभाव पक्का ठाऊक आहे. आम्ही अदृश्य आत्म्यांवर अशी कडक नजर ठेवतो, की डोळ्यांदेखत चहाचा ट्रे घेऊन जाणाऱ्यांकडे बघायचं राहूनच जातं. भूत काय, कुणालाच दिसत नाही. मोलकरीण न दिसायला मात्र घराणं चांगलं खानदानी लागतं.