रिकाम्या जागा भरा

2004 साली मी एमएस-सीआयटी पास झालो. हौसेनं नव्हे. ती परीक्षा दिली नाही तर वेतनवाढ अडकेल, असं परिपत्रक कार्यालयात फिरलं होतं आणि वेतनवाढ अडकलेल्या माणसाला घरात चहासुद्धा कोमट मिळतो. त्या वर्गात मी नक्की काय शिकलो म्हणाल, तर उंदीर हातात धरून पेंटमध्ये घर, डोंगर आणि नदी काढायला शिकलो. नदी बाहेर सांडू न देता निळी करायला दोन तास गेले. पण आईनं ते प्रमाणपत्र लॅमिनेट करून देवघराशेजारी लावलं. पुढे एका लग्नघरी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी सगळ्यांदेखत ओढून काढला. झालं! तेव्हापासून नात्यात मी 'कॉम्प्युटरमधला'.

त्यामुळे 13 मे 2025 ला दहावीचा निकाल लागला आणि अर्ध्या तासात कऱ्हाडहून धाकट्या बहिणीचा फोन आला, याचं मला नवल वाटलं नाही.

"दादा, छकुली म्हणतीय सॉफ्टवेअर करायचं. ते तुझ्यातलंच ना? तेवढं येऊन पुढचं सगळं ठरवून दे."

'पुढचं सगळं' म्हणजे एका सोळा वर्षांच्या मुलीचं आयुष्य. ते शनिवार-रविवारी जोडून सुट्टी होती म्हणून मी ठरवायला गेलो.

जाताना गेल्या वर्षीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं एक पान, फूटपट्टी आणि तीन रंगांची स्केचपेनं नेली. तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला आधी रकाने आखल्याशिवाय विचार करता येत नाही. मी पानाच्या कोऱ्या पाठीवर चार रकाने आखले : टप्पा, वर्ष, खर्च, शेरा. 'शेरा' हा रकाना कशासाठी, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. पण तो असतो.

पहिला रस्ता राजमार्गाचा. अकरावी-बारावी सायन्स, मग सीईटी, मग चार वर्षांचं इंजिनीअरिंग. दोन आणि चार सहा, म्हणजे 2031. दुसरा रस्ता दहावीनंतर लगेच डिप्लोमा, तीन वर्षं, आणि तिथून इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. तीन आणि तीन सहा, म्हणजे पुन्हा 2031. तिसरा रस्ता बारावीनंतर बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, आणि त्यावर एमसीए. एमसीए पूर्वी तीन वर्षांचं होतं, आता दोनच वर्षांचं आहे. तरी बेरीज 2032 वर जाते. कुठूनही शिरलं तरी बाहेर पडायला 2031 उजाडणारच, हे पाहून दाजी म्हणाले, "सरकारी काम दिसतंय."

दाजींचं दूध संकलन केंद्र आहे. त्यांच्या जगात दर दहा दिवसांनी बिल निघतं आणि दर दहा दिवसांनी जगाचा हिशेब मिटतो. सहा वर्षांनी पैसे देणारी म्हैस त्यांना पटत नव्हती.

मग सीईटी समजावून सांगण्याची पाळी आली. दीडशे प्रश्न, दोनशे गुण. त्यातले शंभर एकट्या गणिताला, कारण तिथं प्रत्येक प्रश्नाला दोन. चुकलं तरी गुण कापत नाहीत, हे ऐकून बहिणीचा जीव भांड्यात पडला. पण निकाल गुणांत नाही, पर्सेंटाइलमध्ये लागतो म्हटल्यावर आई पुढं सरकली.

"म्हणजे टक्केच ना?"

"नाही आई. नव्वद पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले नव्वद जण तुझ्या बरोबरीला किंवा मागे."

आई क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे पंढरपुरातली दर्शनरांग. किती चाललो ते कुणी विचारत नाही, रांगेत कुठं उभे आहोत तेवढंच."

मी वीस मिनिटं फळ्यावर लिहून शिकवलं असतं तरी इतकं नीट जमलं नसतं. पण आई तेवढ्यावर थांबली नाही. "आणि मधूनच व्हीआयपी घुसतात ते?" मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : मॅनेजमेंट कोटा.

छकुली हे सगळं दारात उभी राहून ऐकत होती. "मामा, मला छकुली म्हणू नका," एवढंच ती त्या दिवशी बोलली. तिची गरज कुणाला पडली नाही. तक्ता भरत होता ना.

रविवारी एका मंगल कार्यालयात शैक्षणिक मेळावा होता, तिथं गेलो. ज्या मांडवात आदल्या दिवशी अक्षता पडल्या असाव्यात तिथंच आता कॉलेजांचे स्टॉल होते आणि स्वागताचा थाटही तोच. अत्तर तेवढं नव्हतं. प्रत्येकानं एक कापडी पिशवी दिली. बहिणीनं सात जमवल्या. शाखांची नावं ऐकून मात्र मी चक्रावलो. कॉम्प्युटर इंजिनीअरिंग, कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनीअरिंग, आयटी, एआय अँड डेटा सायन्स, एआय अँड मशीन लर्निंग, सायबर सिक्युरिटी. स्टॉलवरचा तरुण प्रत्येक नाव असं उच्चारत होता, की यातलं एक निवडलं की बाकीच्या पाच शाखांतली मुलं उपाशी मरणार.

बहिणीनं शांतपणे विचारलं, "पहिल्या वर्षाला काय काय असतं?"

"पहिलं वर्ष बहुतेक सगळ्यांना सारखंच, मॅडम."

"आणि दुसऱ्या वर्षी?"

"बरेच विषय कॉमनच असतात."

"म्हणजे कापड एकच, काठ बदललेत," असं म्हणून तिनं पिशवी घेतली आणि पुढच्या स्टॉलवर गेली. लग्नाचे बस्ते बांधण्यात वीस वर्षं घालवलेल्या बाईला कोणताही समुपदेशक फसवू शकत नाही.

त्याच मेळाव्यात कळलं की 2024 पासून बीसीएलाही सीईटी आली. आणि पहिल्याच वर्षी इतक्या जागा रिकाम्या राहतील असं दिसलं, की ती सीईटी पुन्हा एकदा घ्यावी लागली. दाजींना हे फार आवडलं. "गिऱ्हाईक नाही म्हणून दुकानाला दोनदा सेल," म्हणाले. बारावीनंतरच्या इंजिनीअरिंगच्या अर्जात तर कॉलेज आणि शाखांचे तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. तीनशे! आमच्या पिढीला लग्नासाठीसुद्धा तीन स्थळं दाखवत.

परत आल्यावर पुण्याच्या चुलतभावाला फोन लावला. तो हिंजवडीत पंधरा वर्षं आहे, म्हणजे त्यातली पाच कंपनीत आणि दहा रस्त्यावर. त्याला विचारलं, "तुमच्या टीममधली माणसं कुठल्या रस्त्यानं आली?" तो हसला. तो स्वतः मेकॅनिकल. शेजारचा सिव्हिल. एक मुलगी फिजिक्सची एमएस्सी, पुढे सी-डॅकचा सहा महिन्यांचा डिप्लोमा केलेली. एक जण डिप्लोमावाला. टेस्टिंगचा प्रमुख बीकॉम.

"आणि कॉम्प्युटर इंजिनीअर?"

"आहे ना एक. तो आता मॅनेजर झालाय. त्याला कोड लिहू देत नाही आम्ही."

त्यानं आणखी एक सांगितलं. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी त्यांच्याकडे कॉम्प्युटरच्या मुलांनाही वर्कशॉप होतं. लोखंडाचा तुकडा शिकंज्यात धरून कानशीनं घासायचा, काटकोनात येईपर्यंत. दाजी स्पीकरवर ऐकत होते. "सॉफ्टवेअरला कानस?" त्यांना प्रथमच या क्षेत्राबद्दल आदर वाटलेला दिसला.

"पण आता कोड एआयच लिहितो," चुलतभाऊ जाता जाता म्हणाला आणि त्याचा सिग्नल सुटला म्हणून फोन ठेवून दिला. घरात शांतता पसरली. मी तक्त्याकडे पाहिलं. 2031 च्या पुढचा चौकोन कोराच होता. तिथं 'नोकरी' लिहायचं म्हणून मी हिरवं स्केचपेन उघडलं होतं, ते हळूच मिटलं.

यावर तोडगा म्हणून पुस्तकं आणायचं ठरलं. काही सुचलं नाही की आमच्यात पुस्तक आणतात. सी भाषा 1972 सालची, म्हणजे माझ्याच वयाची. तिला अजून मागणी आहे. मला नव्हतीच कधी. सी शिकायला नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' घ्या, असं दुकानदार म्हणाला. ते घरी आणल्यावर आमच्या ऐंशीच्या घरातल्या काकांनी मुखपृष्ठावरचं आडनाव वाचलं आणि गहिवरले. "कानेटकर! रायगडाला जेव्हा जाग येते!" ते वसंत कानेटकर, हे वेगळे, असं मी दोनदा सांगितलं. काकांनी तरी पहिली तीन पानं वाचली आणि 'संवाद फार तुटक आहेत' असा अभिप्राय दिला. मला त्यात चूक काढता आली नाही.

मी सुट्टी वाढवून थांबलो होतो. तो सगळा आठवडा छकुली रात्री अकराला लॅपटॉप घेऊन ओसरीवर बसलेली असायची. सेकंडहँड लॅपटॉप, बॅटरी गेलेली, वायर काढली की बंद पडणारा. मला वाटलं सिनेमा बघत असेल. एका रात्री पाणी प्यायला उठलो तर एक वाजला होता आणि ती पडद्याकडे बघत नखं खात होती.

"काय झालं गं?"

"बाबांच्या बिलात चूक येतीय."

तेव्हा कळलं. गेले चार महिने दूध केंद्राची दहा दिवसांची बिलं ती काढत होती. कुठल्या तरी फुकटच्या व्हिडिओंवरून पायथन शिकली होती. (पायथन म्हणजे अजगर असं मी समजत होतो. ती म्हणाली, नाही मामा, ब्रिटिश विनोदी मंडळींच्या नावावरून ठेवलंय. विनोदी मंडळींच्या नावाची भाषा आणि आम्ही तक्ता गंभीरपणे आखत होतो!) लिटर, फॅट, एसएनएफ टाकलं की तक्त्यातून दर, दरावरून रक्कम, रकमेतून उचल आणि पेंडीची कपात, आणि खाली निव्वळ देणं. माझ्या अख्ख्या कार्यालयाला हे करायला तीन टेबलं आणि एक दीर्घ रजा लागली असती.

चूक अशी होती, की चार जणांची पेंडीची कपात झालीच नव्हती. त्यांना पूर्ण पैसे गेले होते. कुणी सांगितलं? कुणीच नाही. जास्त पैसे आल्याची तक्रार घेऊन माणूस केंद्रावर येत नसतो. एकूण रकमेचा मेळ बसेना म्हणून तिला कळलं.

मी शेजारी बसलो. माझी मदत अशी की, "बंद करून चालू करून बघ," म्हणालो. तिनं बघितलं माझ्याकडे. मग ती एकेक नाव तपासत बसली. दोन्हीकडं नाव तेच, अक्षर तेच, वेलांटी तीच. तरी कॉम्प्युटर म्हणे ही दोन वेगळी माणसं. सव्वादोनला ती एकदम हसली. केंद्रावरचा पोरगा नावं मोबाइलवर टाकायचा, आणि मोबाइल सुचवलेल्या नावावर बोट ठेवलं की नावानंतर आपण होऊन एक जागा सोडतो. 'शांताबाई' आणि 'शांताबाई' आणि पुढं एक न दिसणारी रिकामी जागा. कपातीच्या वहीतली शांताबाई निराळी, दुधाच्या वहीतली निराळी. पेंड एकीनं नेली, दूध दुसरीनं घातलं.

तिनं एक शब्द जोडला, रिकामी जागा छाटली, आणि मेळ बसला.

त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता. इतके तास अडकून बसल्याबद्दल तक्रार नव्हती. उलट अजून एखादी चूक कुठं मिळते का, असे तिचे डोळे शोधत होते. मी झोपायला गेलो. मला झोप आली नाही, तिला लगेच आली.

सकाळी पहिल्यांदाच तिला विचारलं की तुला काय करायचंय. तिनं आधीच ठरवलेलं होतं : डिप्लोमा. गणित आवडतं, केमिस्ट्रीची दोन वर्षं नकोत, आणि लॅबमध्ये आत्तापासून हात घालायला मिळतो. बहीण म्हणाली, अकरावीचाही अर्ज भरून ठेवू, हाताशी असलेला बरा. तर 21 मे ला, म्हणजे त्या वर्षी प्रथमच राज्यभर सुरू झालेल्या ऑनलाइन अकरावी प्रवेशाच्या पहिल्याच दिवशी, ते संकेतस्थळ बसलं. नोंदणी पाच दिवस पुढं गेली. सगळं घर हळहळलं. छकुली तेवढी मन लावून ते पांढरं पान न्याहाळत होती.

"एवढी पोरं एकदम येणार हे माहीत होतं ना मामा? मग लोड टेस्टिंग केलं नसणार."

मी मान डोलवली. देवघराशेजारच्या प्रमाणपत्राची मला उगाच लाज वाटली.

डिप्लोमाला तिचा नंबर लागला आहे. दाजींची अट एकच, बिलं मात्र तूच काढायचीस. त्या चौघांची राहिलेली कपात पुढच्या बिलातून करायची ठरली तेव्हा तिघांनी कुरकुरत मान्य केलं. शांताबाई ऐकेनात. मशीन चुकलं त्यात माझा काय दोष, आणि वहीत जर दोन शांताबाई असतील तर पेंड दुसरीनं नेली असेल, असं त्यांचं म्हणणं. या युक्तिवादापुढे दाजींनी हात टेकले आणि 1,240 रुपयांवर पाणी सोडलं. मी ते तक्त्यातल्या 'खर्च' या रकान्यात, 2025 च्या ओळीत लिहून ठेवलेत. त्या पानावरचा तेवढा एकच आकडा आजवर खरा निघाला आहे.