आलोच आहोत तर

डोंबिवलीत जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, एका अंगाला पिठाची गिरणी आणि डोक्यावर कोचिंग क्लास, अशा जागी फॅमिली डॉक्टर हमखास सापडतो. पाटीवर वेळ सहा ते नऊ. खरी गर्दी साडेआठनंतर, लोकलमधून उतरलेला कर्ता पुरुष घरच्यांना गोळा करून पोहोचतो तेव्हा.

या डॉक्टरांकडे एकटं कोणी येतच नाही. खोकला नातवाचा, पण सोबत आजी आणि आजीसोबत वडील. नातवाच्या घशात बॅटरी मारून होते न होते तोच आजीचा हात टेबलावर. "आलोच आहोत तर माझंही बीपी बघून टाका." तोवर वडील पँट दुमडून गुडघा पुढे करतात. फी मात्र नातवापुरतीच.

डॉक्टर आजीचा रिपोर्ट उघडतात.

"आजी, गोड?"

"शिवत नाही हो."

डॉक्टर नातवाकडे वळतात. "काल आजीने काय दिलं रे तुला?"

"अर्धा पेढा."

"आणि उरलेला अर्धा?"

नातू आजीकडे बघतो, आजी पंख्याकडे.

खरं तर साक्षीदाराची गरज नव्हती. रक्त द्यायच्या आधी चार दिवस आजी कडक पथ्य पाळते. पण एचबीए१सी ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब काढते, थेट चित्रगुप्ताच्या वहीसारखा. हे कळल्यापासून आजीचा लॅबवरचा विश्वास उडालाय.

फुकटच्या औषधाला मान नाही, हे डॉक्टरांचं जुनं दुखणं. जुलाबाच्या पेशंटला एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ सांगावं, तर तो अपमान झाल्यासारखा बघतो. "एखादं सलाईन लावा ना!" तापाचंही तेच. व्हायरल आहे, अँटिबायोटिकचा उपयोग नाही, तीन-चार दिवसांत उतरेल, असं सांगितलं की चेहरा पडतो. मग डॉक्टर गंभीरपणे म्हणतात, "सध्या साथ आहे." हे ऐकलं की पेशंट अर्धा बरा. आजार आपल्या एकट्याचा नाही, अख्ख्या गावाचा आहे, एवढं त्याला पुरतं.

सूनबाई मात्र सगळ्यांत शेवटी बोलते. सगळे चपला घालायला लागले की ती दाराशी घुटमळते. "डॉक्टर, मला हल्ली झोपच लागत नाही." डॉक्टर पेनचं टोपण पुन्हा काढतात आणि बाकीच्यांना बाहेर बसायला सांगतात. बाहेर नंबर लावून बसलेले घड्याळं बघतात. कुरकुरत कोणी नाही, कारण त्यांच्याही घरचं कुणीतरी कधीतरी असंच दाराशी थांबलेलं असतं.

गेल्या पावसाळ्यात डॉक्टर स्वतःच खोकत बसले होते. आजीने स्टेथोस्कोपकडे दुर्लक्ष करून त्यांच्या कपाळाला हात लावला.

"व्हायरल आहे. सध्या साथ आहे," ती म्हणाली. "ज्येष्ठमध धरा तोंडात. आणि गोड कमी करा, पोट सुटलंय."