खापरखेड्याचे शिकारीभाऊ

रविवारी सकाळी खापरखेड्यात मटणाच्या दुकानापुढे रांग लागते. त्या रांगेतला एकच माणूस बोकडाकडे गिऱ्हाइकाच्या नजरेने बघत नाही. डोळे बारीक, मान तिरकी, श्वास रोखलेला. बोकड बिचारा सोलून उलटा टांगलेला असतो, त्याचा पळून जायचा काळ केव्हाच सरलेला असतो. तरी शिकारीभाऊ आधी वाऱ्याची दिशा बघतात. मग खाटकाच्या कानाशी जाऊन कुजबुजतात, "मागच्या मांडीतलं दे बाप्पा. अन् हळू बोल."

विदर्भात जंगलापासून तासा-दीड तासावर जी गावं आहेत, त्या प्रत्येक गावात असा एक शिकारी असतो. खुद्द जंगलात राहणारी माणसं या विषयावर फारशी बोलत नाहीत. देवलापारकडच्या एखाद्या म्हाताऱ्याला अस्वलाचं विचारा, तो बिडी विझवेल, "असते," म्हणेल, आणि मोह वेचायला निघून जाईल. बोलणारी माणसं डांबरी रस्त्यावर राहतात.

आमचे भाऊ वीज केंद्राच्या कोळसा विभागातून निवृत्त झाले. उभी हयात कन्व्हेअर बेल्टवर काळं जातंय का ते बघण्यात गेली, त्यामुळे काळं काही हलताना दिसलं की त्यांना अस्वल आठवतं. एकदा वारेगावच्या राखेच्या तळ्याकडे संध्याकाळी 'ते' त्यांना दिसलंही. सगळं क्वार्टर बॅटऱ्या घेऊन गेलं. म्हैस होती. "अस्वलच होतं," भाऊ परतताना म्हणाले, "म्हशीच्या आडून निसटलं."

भाऊंची मूळ गोष्ट मात्र पेंचच्या बाजूची. चैत्राची पहाट, मोह टपटप गळतोय, आणि झाडाखाली अस्वल फुलं खाऊन झिंगलंय. (ताज्या फुलांनी कोणी झिंगत नाही, ती आंबावी लागतात. पण हे भाऊंना सांगून बघा.) अस्वल दोन पायांवर उभं राहतं, भाऊ बार काढतात, आणि जनावर खाली येतं. किती मोठं? तर याला केंद्राच्या इतिहासाचा आधार आहे. १९८९-९० मध्ये २१० मेगावॅटचे पहिले दोन संच सुरू झाले, तेव्हा अस्वल दीड क्विंटलचं होतं. २००१ पर्यंत आणखी दोन संच आले आणि अस्वल अडीच क्विंटलवर गेलं. २०११ मध्ये ५०० मेगावॅटचा संच लागला आणि पोट्ट्यांनी भाऊंचं नाव 'पाचशे मेगावॅट' ठेवलं, कारण त्या वर्षी अस्वल चार क्विंटल भरलं. आपल्याकडचं थोराड नर अस्वल सव्वा-दीड क्विंटलच्या पलीकडे सहसा जात नाही. पुढे कोराडीला ६६०चे तीन संच लागले आणि तिथल्या एका निवृत्त फिटरने आपण वाघ मारल्याचं जाहीर केलं. भाऊ आठवडाभर जेवले नाहीत नीट.

या गोष्टीला पहिला सुरुंग लावला तो शाळेतल्या एका गुरुजींनी. गुरुजी गणिताचे. ते म्हणाले, "भाऊ, तुमचा जन्म बासष्टचा. वन्यजीव संरक्षण कायदा आला १९७२ला. त्याआधी मारलं असेल तर तुम्ही चौथीत होते. नंतर मारलं असेल तर परवाना दाखवा."

भाऊ क्षणभर थांबले. मग म्हणाले, "कायदा आडवा आला ना गुरुजी! नाहीतर आणखी मारले असते."

तेव्हापासून माझं मत असं झालं आहे, की या कायद्याने अस्वलांना जेवढं वाचवलं त्याहून जास्त भाऊंना वाचवलं. 'आता चला, दाखवा मारून,' असं त्यांना कोणी म्हणू शकत नाही. अस्वल आज पहिल्या अनुसूचीत आहे, तीन ते सात वर्षांची कैद आहे. इतकं भक्कम संरक्षण किती बढाईखोरांच्या वाट्याला येतं?

अस्वल कोणी मारलं, हेही श्रोत्यांवर ठरतं. पोरांसमोर भाऊंनी स्वतः मारलेलं असतं. चहाच्या टपरीवर वनरक्षक येऊन बसला, की त्याच दमात ते आजोबांनी मारलेलं होतं, तेही इंग्रजांच्या राज्यात. घरी वहिनी दारात आल्या, की अस्वल जिवंत होऊन पळून जातं. आजोबांचा विषय तर वहिनींनी एका वाक्यात निकालात काढला: "आजेसासरे एम्प्रेस मिलमध्ये साच्यावर होते. त्याईनं जंगल पाह्यलं ते महाराजबागेत." आणि मोहाच्या झाडाखालचा खरा प्रकारही त्यांनीच फोडला. भाऊ लहानपणी आजीसोबत मोह वेचायला गेले होते, समोरून अस्वल आलं, आजीने टोपली वाजवत आरडाओरडा केला, अस्वल एकीकडे पळालं आणि भाऊ दुसरीकडे. चप्पल अजून तिकडेच आहे.

आजीचं मात्र खरं धाडस होतं. मोहाच्या दिवसांत माणूस आणि अस्वल एकाच वेळी एकाच झाडाखाली येतात. अस्वलाला नीट दिसत नाही, वास मात्र दुरून येतो, आणि दचकलं की ते थेट तोंडावर येतं. मोह वेचणाऱ्या बायांचे चेहरे फाटलेले ज्यांनी पाहिलेत, ते शिकारीच्या गप्पा मारत नाहीत. असो.

भाऊंची खरी शिकार चुलीवर होते, आणि तिथे त्यांना हसायची कोणाची छाती नाही. कोलार-कन्हानच्या काठी हंडी ठरली, की भाऊ बाभळीची लाकडं स्वतः निवडतात. कुकर त्यांना निषिद्ध. "शिट्टी वाजली का जनावर पळते." मसाला हलबा कोष्ट्यांच्या सावजी पद्धतीचा: धने, खसखस, दगडफूल, कलमी, लवंग, मिरे, सुकं खोबरं, सगळं एकेक करून काळपट होईस्तोवर भाजायचं आणि पाट्यावर वाटायचं. तेल जवसाचं. रस्सा दाट व्हायला ज्वारीचं भाजलेलं पीठ, तेही चिमटीने, जणू बारूद भरतायत. मग बोलणं बंद. हातातला सराटा बंदुकीसारखा खांद्याला लावून ते हंडीच्या उजवीकडे उकिडवे बसतात आणि तर्री वर यायची वाट बघतात. एक तास, दीड तास. मचाणावर इतका वेळ गप्प बसणारा शिकारी मी पाहिलेला नाही. मचाणही पाहिलेलं नाही म्हणा. तर्री आली, की हळूच म्हणतात, "आली." आम्ही पानं मांडतो. पहिला घास घेतला की कानातून वाफ निघते आणि अस्वल किती क्विंटलचं होतं याची पर्वा उरत नाही.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडावर अमेरिकेहून भाच्याचा फोन आला. तो मॉन्टानात असतो. तिकडे थंडीभर गुहेत झोपलेली काळी अस्वलं वसंतात बाहेर पडून कोवळं गवत खात हिंडतात आणि लोक रीतसर परवाना काढून त्यांची शिकार करतात. ऑफिसातल्या एकाने भाच्याला दोन किलो मांस भेट दिलं होतं. "मामा, तुम्ही अस्वल खाल्लंय ना? कसं करायचं?"

फोन स्पीकरवर होता. वहिनी भाकऱ्या थापायच्या थांबल्या. आयुष्यभर गोष्टीत फिरणारं अस्वल पहिल्यांदाच उंबऱ्यात येऊन उभं होतं.

"चरबी काढ आधी," भाऊ म्हणाले. आवाज खोल गेला होता.

"हो, इथंही तेच सांगतात. आणि मामा, आतपर्यंत ७१ अंशांवर शिजलं पाहिजे म्हणे. मांसात बारीक जंत असतात, ते फ्रीजरमध्ये ठेवूनही मरतीलच असं नाही. मधे गुलाबी राहिलं तर खायचं नाही."

एवढं ऐकताच भाऊंना जमीन सापडली. "एकाहत्तर? बस? आमच्या बॉयलरची वाफ पाचशे चाळीस डिग्रीची असे, लेका! तू मांडव चुलीवर, दोन घंटे हलवू नको." आणि त्यांनी बोकडाची अख्खी कृती अस्वलाच्या नावाने सांगितली, दगडफुलासकट. भाच्याने मिरची मोजून घातली नसावी. फोडणी देताच त्याच्या घरातला धुराचा भोंगा वाजला आणि शेजारी धावत आले. भाचेसून मुलांना घेऊन पिझ्झा खायला गेली. मांस कसं लागलं, हे भाच्याने लिहिलं नाही, फक्त 'मसाला पाठवा' एवढाच मेसेज आला. कॉलनीत मात्र अमेरिकेतल्या शिकारीचं श्रेयही भाऊंच्याच खात्यावर जमा झालं.

मग याच चैत्रात पोट्ट्यांनी डाव टाकला आणि भाऊंना गोरेवाड्याला नेलं. २०२१च्या प्रजासत्ताक दिनी तिथली सफारी सुरू झाली, त्यात अस्वलांना वेगळं आवार आहे. जाळीच्या बसमध्ये भाऊंना मुद्दाम खिडकी दिली. वाघ दिसला, बिबट दिसला. भाऊंनी दोघांनाही पसंतीची मान डोलावली. अस्वलांच्या आवारात बस थांबली. एक अस्वल वारुळ उकरत होतं. ते थांबलं, नाक वर केलं, आणि झुलत झुलत बरोबर भाऊंच्या खिडकीखाली आलं. दोन पायांवर उभं राहिलं. लांब वाकडी नखं, ओला ओठ, छातीवर पांढरा पट्टा.

बसमध्ये कोणी चकार शब्द काढेना. भाऊंनी दोन्ही पाय सीटवर घेतले होते. बस सुटली तसं एका पोट्ट्याने विचारलं, "काका, कसं काय?"

भाऊंनी चपला शोधून पायात घातल्या. कपाळ पुसलं.

"चैत्रात चरबी नसते बे त्याच्या अंगावर," ते म्हणाले. "उगाच मसाला वाया. दिवाळीनंतर येऊ."