वाढदिवस तुमचा, आहेर आमचा

प्रति,
बेवकूफ डॉट कॉम, मुंबई यांसी,
सणसर, ता. इंदापूर येथून स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आमचा पुतण्या परवा तुमचा टी-शर्ट घालून डेअरीत दूध घालायला गेला. छातीवरचं वाक्य फॅट काढणाऱ्या पोराने सगळ्या रांगेला मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग फॅट लावली. रोज 3.6 लागते, त्या दिवशी 3.4 लागली. यात शर्टाचा काही दोष नाही, हे तुमच्या बाजूने आधीच नोंदवून ठेवतो.

पण चौकशी केली. 1 एप्रिल 2012 रोजी, म्हणजे अख्खं जग एकमेकांना फसवतं त्या मुहूर्तावर, आयआयटी मुंबईत शिकलेल्या प्रभकिरण सिंग आणि सिद्धार्थ मुनोत यांनी हे दुकान मांडलं. त्याआधी सिंग ‘खडके ग्लासी’ नावाने लस्सी विकायचे. 2022 मध्ये तर बिर्लांच्या कंपनीने तुमच्यात मोठा हिस्सा घेतला. आमच्याकडे दुकानाला देवाचं, नाहीतर आजोबांचं नाव देतात. बिर्ला अजून तरी इकडे फिरकलेले नाहीत.

आता मुद्दा वर्धापनदिनाचा. हल्ली ऑनलाइन दुकानं आपल्या वाढदिवसाला खास टी-शर्ट, मग, बिल्ले काढतात आणि ते गिऱ्हाइकालाच विकतात. तुमचाही तसा विचार असेल, तर आमच्या भागातली रीत कळवतो. इथे ज्याचं कार्य, त्याने वाटायचं. दूध संस्था डबा देते, पतसंस्था कॅलेंडर देते, कारखाना सभासदाला दिवाळीची साखर सवलतीत देतो. डब्यावर संस्थेचं नाव कोरलेलं असतं, त्यामुळे तो शेजारी गेला तरी ओळखून परत आणता येतो. तुमच्या मगाची अशी काही सोय आहे का?

आमच्याकडची वारीच बघा. तुकोबांची पालखी 1685 पासून निघते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण झालं की त्या दिवशीचा मुक्काम आमच्या गावात. घरोघरी भाकऱ्या थापल्या जातात, कुणी वारकऱ्याची दाढी फुकट करून देतं, कुणी तुटलेली चप्पल शिवून देतं. इतक्या वर्षांत वारीने स्वतःचा एक मग काढलेला नाही. पुढाऱ्यांच्या फोटोचे रेनकोट मात्र निघतात. ते फुकट वाटतात म्हणून जातात. एकदा विकायला ठेवून बघा म्हणायची कुणाची छाती होत नाही.

तरीही विकायचंच असेल, तर माल आम्ही पुरवू. अमेरिकेत ‘कार्ड्स अगेन्स्ट ह्युमॅनिटी’ हा पत्त्यांचा खेळ काढणाऱ्यांनी 2014 च्या ब्लॅक फ्रायडेला 6 डॉलरला एक खोका विकला. आत बैलाचं शेण आहे, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. 30,000 खोके गेले. काहींना वाटलं, गंमत असेल. उघडून बघतात तर शेणच! पुढच्याच वर्षी आपल्याकडे ॲमेझॉनवर गोवऱ्या मिळू लागल्याच्या बातम्या आल्या, त्याही भेटवस्तूच्या कागदात गुंडाळून. गोठ्यामागच्या ज्या ढिगाला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या उकिरडा म्हणत आलो, ते गोडाऊन निघालं.

तर वर्धापनदिनाची मर्यादित आवृत्ती म्हणून गोवरीच काढा. ओली असतानाच काडीने ‘2012’ कोरता येईल. आमची आई थापते त्या प्रत्येक गोवरीवर तिची पाच बोटं उमटतातच, तेव्हा कलाकाराची सही वेगळी नको. परत पाठवायची सोय ठेवलीत तरी हरकत नाही. चुलीत गेलेला माल कोण परत पाठवतो?

एक शेवटची विनंती. तारीख बदला. 31 मार्चला आम्ही विकास सोसायटीत पीककर्ज भरून, खिसे उलटे करून घरी आलेलो असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईलवर तुमचा वाढदिवस! अशा माणसाला ‘फक्त आजच’ म्हणून काय उपयोग? उसाच्या बिलाचा शेवटचा हप्ता बहुधा दिवाळीच्या तोंडावर जमा होतो. तुमचा जन्म तेव्हाचा दाखवा. शाळेत घालताना आमच्या निम्म्या गावाची जन्मतारीख गुरुजींनी 1 जून लावली होती. कुणाचं काही अडलं नाही.

कळावे,
आपला,
अजून शर्ट न घेतलेला एक गिऱ्हाईक

ता. क. : पार्सल घेऊन येणाऱ्या पोराला वस्तीवर यायला सांगा. ‘फाट्यावर येऊन घेऊन जा’ म्हणाला, तर डिलिव्हरीचे पैसे मी लावीन.