ही गाडी सोडा

डोंबिवलीचा माणूस गाडी सोडत नाही. पाऊल ठेवायला जागा नसेल तर अंगठा ठेवतो; उरलेलं शरीर मागचे लोक आत पोचवतात. तीस वर्षं मी असाच ठाण्याला पोचतो आहे. वाटेत कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा अशी स्टेशनं लागतात असं ऐकून आहे. मला त्या काळात समोरच्याची कॉलर दिसते.

त्यामुळे 2024 च्या सप्टेंबरात शेजारचे नाना म्हणाले, "येऊरला कारवी फुललीय, रविवारी जंगलात जरा शांत चालून येऊ," तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "कितीच्या गाडीने?"

येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या या जंगलाचा मोठा हिस्सा ठाणे जिल्ह्यात आहे, तरी लोकांच्या तोंडी ते अजून 'बोरिवलीचं नॅशनल पार्क'च. ठाणेकरांचं हे जुनं दुखणं आहे. उपवन तलावाच्या काठी कोणाहीजवळ विषय काढून बघा; चहा संपला तरी दुखणं संपत नाही.

एका निसर्गमंडळाने वनखात्याची परवानगी काढली होती. वाटाड्या म्हणून पाड्यावरचा एक तरुण होता. पायवाट एका माणसापुरती, आणि तीवर पुढे कल्याणचा वीस जणांचा घोळका, मागे ठाण्यातलं कुठलंसं ऑफिस. पाचच मिनिटांत मागून ओळखीचा आवाज आला, "पुढे सरका, पुढे बरीच जागा आहे!" जागा होती हे खरंच. ती डाव्या हाताला दरीत होती.

माणूस जंगलात गेला तरी बारा डब्यांची सवय सुटत नाही. एका बाईंनी विचारलं, "ओढा कुठल्या बाजूला येणार?" म्हणजे त्या बाजूला आधीच जाऊन उभं राहता येईल. एका कातळावर तिघं टेकले होते. नानांनी न बोलता हाताने 'जरा सरका' अशी खूण केली आणि चौथी सीट मिळवली. अर्धे नाना कातळावर, अर्धे हवेत, चेहऱ्यावर पूर्ण समाधान.

"बिबट्या दिसेल का हो?" मी वाटाड्याला विचारलं.

"या गर्दीत? तो काय डोंबिवलीचा आहे?"

मग शांतता गाठायची म्हणून मी वेग वाढवला. करवंदीच्या जाळीत शर्ट अडकवून घेत, माफी मागत, कोपर मारत मी पुढच्या घोळक्याच्या पाठीला जाऊन लागलो. तिथे कोणीतरी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा वाद पहिल्यापासून सांगत होतं. वाटाड्या मागून सावकाश आला.

"काका, शांतता पाहिजे ना? मग यांना पकडताय कशाला? जाऊ द्या यांना. मागचेही जाऊ द्या. आपण बसू."

बसू! समोरून गाडी जाते आहे आणि आपण बसायचं! मी कसाबसा टेकलो. ऑफिसवाले गेले. नंतर चिवडा खात एक कुटुंब गेलं. प्रत्येक वेळी माझे पाय आपोआप उठत होते आणि वाटाड्या मान हलवत होता: ही नाही.

आणि मग कोणीच आलं नाही.

डोक्याएवढी कारवी दोन्ही बाजूंनी जांभळी झालेली, आणि तिच्यावर मधमाश्यांची घूंऽ एकसारखी. ती बहुधा सकाळपासून चालू असावी, पाण्याच्या टाकीखाली दबलेली. वाटाड्या हळू आवाजात सांगत होता. यापूर्वीचा बहर 2016 चा. एकदा फुलून बी धरलं की झुडूप वाळतं. मग काठ्या तोडून, शेणमाती लिंपून कुडाच्या भिंती करतात. मी झाडाकडे आदराने बघत राहिलो. सात पावसाळे समोरून जाऊ द्यायचे आणि आठव्यात चढायचं! आमच्याकडे चार मिनिटांनी येणाऱ्या गाडीवरही कोणाचा विश्वास नसतो.

शांतता एकूण अकरा मिनिटं टिकली. मी घड्याळ बघत होतो, सवय आहे. बाराव्या मिनिटाला नाना सद्गदित होऊन ओरडले, "काय शांत आहे हो!" आणि वळणाआडून उत्तर आलं, "अरे, इकडे आहेत सगळे!"

सोमवारी सकाळी डोंबिवली स्टेशनवर मी कारवीचं स्मरण केलं. फास्ट आली. मी हाताची घडी घालून उभा राहिलो. लोक अंगावरून, बगलेखालून, एक जण तर बहुधा पायांमधून गेला. गाडी हलली. दारात लोंबकळणाऱ्या एका पोराने वळून माझ्याकडे बघितलं आणि आपुलकीने विचारलं,

"काका, नवीन आहात का?"