नऊ रंग, दहा नखं

न्यू जर्सीत एडिसन-इझलिनच्या ओक ट्री रोडच्या आसपास जी काही मराठी घरं आहेत, त्यातल्या एका तरी घरात डिपवहिनी राहते. खरं नाव काहीही असो, मंडळात ती ह्याच नावाने ओळखली जाते. भोंडल्याला बाकीच्या बायका हत्तीभोवती एकमेकींचे हात घट्ट धरून फेर धरतात. डिपवहिनी शेजारणीला नुसता तळवा देते, बोटं अधांतरी. खिरापत ओळखून झाली की डबा दुसऱ्या कुणीतरी उघडायचा, हेही ठरलेलं. "अगं, कालच केलीयेत," एवढंच तिचं स्पष्टीकरण.

तिच्या नखांवर असते ती डिप पावडर. नखावर बेस कोटचा पातळ हात फिरवायचा, बोट तिरकं धरून रंगीत पावडरच्या डबीत बुडवायचं, जास्तीची पावडर ब्रशने झटकायची. असं दोन-तीनदा. मग अ‍ॅक्टिव्हेटर, मग घासणं, पुन्हा अ‍ॅक्टिव्हेटर आणि शेवटी टॉप कोट. जेलला लागतो तसला दिवा ह्याला लागत नाही, आणि नीट जमलं तर दोन-तीन आठवडे हे नखावरून हलत नाही.

ह्या चिवटपणाचं गुपित तिच्या नवऱ्याने बाटलीवरचा मजकूर वाचून फोडलं. तो माटुंग्याच्या यूडीसीटीचा केमिकल इंजिनिअर. पोटासाठी बँकेचं सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे घरात रसायनशास्त्राची संधी आली की सोडत नाही. "बेस कोट म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. आपल्या फेविक्विकची जात." १९४२ साली ईस्टमन कोडॅकमध्ये हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होता, तेव्हा हा पदार्थ हाती आला; दिसेल त्याला चिकटतो म्हणून बाजूला टाकला गेला आणि १९५८ मध्ये गोंद म्हणून बाजारात उतरला, इथवर त्याने सांगितलं. डिपवहिनीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते असू दे. मोरपंखीवर राणी कलर बसेल का?"

नखं रंगवण्यापेक्षा रंग बदलण्यात तिचा जीव अडकलेला. सलूनवाल्यांवर तिचा राग मुळीच नाही. अमेरिकेतला हा धंदा मोठ्या प्रमाणावर व्हिएतनामी लोकांच्या हातात आहे. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या निर्वासितांच्या छावणीत टिपी हेड्रन ह्या अभिनेत्रीने तिथल्या बायकांना मॅनिक्युअर शिकवायची सोय करून दिली आणि त्यातून पुढे सगळं वाढलं, ही गोष्ट ती कौतुकाने सांगते. पण जुनं डिप काढून नवं लावायला टीप धरून साठ डॉलर, आणि असं पंधरवड्यातून दोनदा, म्हटल्यावर तिने काटकसर म्हणून घरीच किट मागवलं. किट चाळीस डॉलरचं. पाठोपाठ आलेल्या डब्यांचा खर्च महिन्याच्या हिशोबात "इतर" ह्या नावाखाली आहे.

तिची खरी धांदल नवरात्रात. वर्तमानपत्रांनी रुळवलेले नऊ रंग आता अटलांटिकपलीकडेही पाळले जातात. सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार राखाडी, रविवार केशरी; उरलेल्या दोन दिवसांना मोरपंखी, गुलाबी असे रंग. २०२५ मध्ये घट सोमवारी बसले, म्हणून पहिला मान पांढऱ्याला मिळाला. साडी रोज बदलता येते, डिप रोज उतरवलं तर नखाचा पापुद्रा होतो. घटातलं धान्य नऊ दिवसांत वीतभर वाढतं. बोटाचं नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर. खराब झालेलं नख मुळापासून नवं यायला सहा महिने लागतात.

ह्यावरचे उपाय डिपवहिनी मैत्रिणींना व्हॉइस नोटवर सांगते. सगळ्यात शहाणा उपाय म्हणजे खाली पांढरं डिप ठेवायचं आणि वरून साधी नेलपॉलिश रोज बदलायची. पुसायला अ‍ॅसिटोन नसलेला रिमूव्हर घ्यायचा, म्हणजे वरचा रंग जातो आणि डिप शाबूत राहतं. दुसरा उपाय, टॉप कोटची चमक घासून घालवायची आणि जुन्यावरच नवा रंग चढवायचा. एकदा खपून जातं. पुन्हा केलं की नख जाड होतं, मुळाशी पायरी तयार होते आणि डोकं खाजवलं की केस तिथे अडकतो. तिसरा उपाय, सगळं उतरवून पहिल्यापासून.

पहिला उपाय ती सगळ्यांना सुचवते. स्वतः तिसरा करते.

बुधवारची रात्र. पिवळा निळ्यावर उठत नाही, हिरवट दिसतो, आणि हिरवा तर शुक्रवारी. म्हणून आधी टॉप कोट घासून काढला, नाहीतर अ‍ॅसिटोन आत शिरत नाही. मग एकेका नखावर अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आणि त्यावर फॉइल. डावा हात गुंडाळून झाल्यावर त्या हाताने आता काहीच धरता येत नाही, हे तिला दर वेळी नव्याने कळतं.

"अरे, ऐक ना!"

नवरा येतो, उजवा हात गुंडाळायला घेतो आणि त्याचं लक्ष देव्हाऱ्यापुढच्या अखंड दिव्याकडे जातं. अ‍ॅसिटोनचा फ्लॅश पॉइंट उणे वीस अंश सेल्सिअस, वाफ हवेपेक्षा जड, सरपटत सरपटत ज्योतीपर्यंत जाते, असं म्हणत तो बायकोला खुर्चीसकट गॅरेजमध्ये नेतो आणि दार सताड उघडतो. तिला वाद घालता येत नाही. आदल्या वर्षी तिने हेच अ‍ॅसिटोन थर्माकोलच्या वाटीत ओतलं होतं. वाटी विरघळली आणि जेवणाच्या टेबलाचं पॉलिशही गेलं.

तेवढ्यात ठाण्याहून आईचा व्हिडिओ कॉल. तिकडे गुरुवार उजाडलेला, आई पिवळी साडी नेसून तयार. फोन अर्थात नवऱ्याच्या हातात.

"बोटांना काय झालं गं? भाजलं की काय?"

"नाही गं आई, रंग बदलतेय."

"मग साडी बदल की!"

पंधरा मिनिटांनी फॉइल निघतं. मऊ पडलेलं डिप लाकडी काडीने अलगद सरकवायचं. ओरबाडलं तर नखाचा थरही सोबत येतो. इथे तिचा संयम दांडगा. घात होतो तो पुढे. अ‍ॅक्टिव्हेटर पुरता वाळायच्या आत तिने टॉप कोट फिरवला, ब्रशला अ‍ॅक्टिव्हेटर लागला आणि बाटलीतल्या बाटलीत ब्रशचे केस दगड झाले. तो अ‍ॅसिटोनमध्ये भिजत घालून तिने राहिलेल्या दोन बोटांसाठी बेस कोट उघडला, तर बाटलीत थेंब नाही.

नवऱ्याने कबुली दिली. मुलीची टिपरी, रिमोटचं झाकण आणि स्वतःच्या बुटाचा तळ. तिन्ही पक्के बसलेत, हेही त्याने नमूद केलं.

गुरुवारी ती आठ पिवळी आणि दोन बोडकी नखं घेऊन ऑफिसला गेली आणि ही फॅशन असल्याचं सांगून मोकळी झाली. बेस कोटच्या दोन बाटल्या रात्रीच मागवल्या होत्या, त्यातली एक नवऱ्याच्या नावाची. फ्री शिपिंगला सहा डॉलर कमी पडत होते, म्हणून सोबत एक डाळिंबी.