बालीच्या माडास अनावृत पत्र

राजमान्य राजश्री माड, मुक्काम बाली, यांस सा. न. वि. वि.

आपण सरकारी नोकरीत आहात, हे कुणी आपल्या कानावर घातले नसावे. म्हणून हे पत्र. 1966 मध्ये सानुरच्या किनाऱ्यावर दहा मजली बाली बीच हॉटेल उभे राहिले. पैसा जपानच्या युद्धभरपाईचा, हौस राष्ट्राध्यक्ष सुकार्नोंची. ती उंची बालीकरांच्या डोळ्यांत खुपली आणि 1970च्या दशकात नियम आला: यापुढे इमारत माडाच्या वर जाता कामा नये. कागदावर त्याचे 15 मीटर झाले. तेव्हापासून बेटाचे आकाश आपल्या अखत्यारीत आहे. पगार नाही, बढती नाही. पण टेबलाखालून काही घेतल्याची तक्रारही नाही.

सध्या जो अर्जदार आपल्या नजरेखालून वारंवार जातो, त्याची ओळख करून द्यायला हवी. तो मेलबर्नहून किंवा मॉस्कोहून सुट्टीवर येतो, चांगू गावच्या कॅफेत बसून समोरची भातखाचरे पाहतो आणि उरलेले आयुष्य इथेच काढायचे, असे कॉफी संपायच्या आत ठरवतो. एजंट तयारच असतो. जमीन आरच्या हिशेबाने मिळते; आर म्हणजे 100 चौरस मीटर, हे सातबारा चाळलेल्या मराठी माणसाला सांगायला नको. पुढचे मात्र सांगायला हवे. इंडोनेशियाच्या 1960च्या जमीन कायद्यानुसार परदेशी माणसाला जमिनीची पूर्ण मालकी मिळत नाही. म्हणून पाहुणा पंचवीस-तीस वर्षांचा भाडेपट्टा करतो, बहुधा सगळे भाडे आगाऊ मोजतो आणि मायदेशी कळवतो, ‘बालीत जागा घेतली.’ त्याहून हुशार असतो, तो एखाद्या स्थानिकाच्या नावावर जमीन घेतो. कायद्याचे 26वे कलम अशांचीच वाट पाहत बसलेले आहे: व्यवहार रद्द, जमीन सरकारजमा आणि मोजलेले पैसे परत मागायचीही सोय नाही.

बाली घराची रीत आपल्याला तोंडपाठ असेल. ‘अस्त कोसल कोसली’च्या परंपरेनुसार उंडागी, म्हणजे तिथला स्थपती, अंगणाची आखणी करतो आणि मापे घेतो ती घरमालकाच्याच शरीराची. डोंगराकडची बाजू मानाची, समुद्राकडची कमी मानाची. पाहुण्याला मात्र पलंगावरून सूर्यास्त दिसायला हवा असतो. देव कुठे आणि मोरी कुठे, हा पेच मग गवंड्यांनी आपसात सोडवायचा. वर अलांग-अलांग गवताचे छप्पर, खाली काचेच्या भिंती. पहिल्याच पावसाळ्यात चामड्याच्या बुटांवर बुरशी चढते आणि वाळवी भाडेपट्टा न करताच राहायला येते. आमच्या वास्तुशांतीसारखा मलस्पासचा विधी होतो, फोटो निघतात. पुढे न्येपी, म्हणजे बालीचा मौनाचा दिवस, येतो. त्या दिवशी विमानतळसुद्धा 24 तास बंद. आणि घरातला दिवा बाहेर दिसला, की पेचालांग, म्हणजे गावचे राखणदार, दारात हजर.

हे वेड आजचे नाही. कॅनडात जन्मलेला संगीतकार कॉलिन मॅकफी गामेलान या तिथल्या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिका ऐकून 1931 मध्ये बालीत आला. सायान गावी, आयुंग नदीच्या दरीवर त्याने घर बांधले आणि ते दशक संपायच्या आत तो ते सोडूनही गेला. 1946 मध्ये त्याचे ‘अ हाउस इन बाली’ प्रसिद्ध झाले. त्यात गावकरी आहेत, नर्तक आहेत, वादक आहेत. नाही ती फक्त त्याची बायको जेन बेलो, जिच्या पैशावर हा सारा थाट उभा होता! तरी मॅकफीने बेटाचे संगीत टिपून घेतले, त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. आजचा पाहुणा फार तर व्हिलाच्या खोल्या रोजाच्या भाड्याने लावतो.

आता मुद्दा. आपली नजर वर आहे आणि बेट आडवे भरत चालले आहे. सुबाक या पाणीवाटप व्यवस्थेला युनेस्कोने 2012 मध्ये जागतिक वारशात घेतले. तिच्यात वरच्या खाचराचे पाणी खालच्या खाचरात उतरते. मध्ये एकाने तलावासह व्हिला बांधली, की खालच्याचा पाट कोरडा पडू शकतो. यात जमीन देणाऱ्या शेतकऱ्यावर दात धरण्यात अर्थ नाही. भातापेक्षा भाड्याचे पैसे कैक पटींनी जास्त, शिवाय शेजारी व्हिला आल्या की जमिनीचा सरकारी भाव चढतो आणि त्यामागोमाग करही. सप्टेंबर 2025 मध्ये राजधानी देनपसारच्या परिसरात पूर आला, माणसे दगावली. मग राज्यपालांनी शेतजमिनीवर नवी हॉटेले-रेस्टॉरंटे नकोत असे जाहीर केले. पाहुणा निर्धास्त आहे. त्याची व्हिला दुमजली. आपल्या शेंड्यापर्यंत ती पोहोचतच नाही. म्हणजे नियमात बसते.

तेव्हा विनंती एवढीच, की आपली 15 मीटरची पट्टी कधीतरी आडवीही धरावी. दोन व्हिलांच्या मध्ये निदान एक माड आडवा झोपेल एवढे ओले खाचर राहिलेच पाहिजे, असा हुकूम आपल्या सहीने निघावा. सही जमत नसेल, तर एखादा नारळ नेमक्या वेळी, नेमक्या नकाशावर पडला तरी चालेल.

कळावे, लोभ असावा.